नाझिया हसन : शाळेतल्या मुलीचं एक गाणं आणि त्यानंतरचं सगळं

रिवाइंड (धागाकर्ता)

'आप जैसा कोई' ऐकलं नाही असा माणूस इथे सापडणं कठीण. पण ते गाणारी पोरगी तेव्हा शाळेत जात होती हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते 'हो हो, पंधरा वर्षांची होती' एवढं म्हणून पुढे सरकतात. मला त्या पंधरा वर्षांबद्दलच बोलायचंय, कारण माझ्या मते ते वय बाजूला काढलं तर त्या गाण्यात काही उरत नाही.

आधी पटकन मागची गोष्ट. नाझिया जन्मली कराचीत, ३ एप्रिल १९६५. लहानपण अर्धं कराचीत अर्धं लंडनमध्ये. पाकिस्तान टेलिव्हिजनवर संगीतकार सोहेल राणा लहान मुलांचे गाण्याचे कार्यक्रम करायचे, त्यात ती आणि धाकटा भाऊ झोहेब गायचे. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सवय होती, पण घराणं, गुरू, तानपुरा वगैरे काही नाही. हौस म्हणून गाणारी मुलं असतात ना, तशी.

मग लंडनमधली पार्टी. फिरोज खान 'कुर्बानी'ची जुळवाजुळव करत होता, झीनत अमान नाझियाच्या आईच्या ओळखीची, तिथे ही मुलगी त्याच्यासमोर आली आणि त्याने तिला बिद्दूकडे ऑडिशनला पाठवलं. बिद्दू म्हणजे बेंगळुरूचा बिद्दू अप्पय्या, साठच्या दशकात इंग्लंडला जाऊन तिथे निर्माता म्हणून नाव काढलेला माणूस. 'कुंग फू फायटिंग' (१९७४) त्याचंच, टीना चार्ल्सचं 'आय लव्ह टू लव्ह' (१९७६) पण त्याचंच, हे दोन्ही ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलेले. तर 'कुर्बानी'ची बाकी सगळी गाणी कल्याणजी-आनंदजींची, आणि हे एकच गाणं बिद्दूचं, शब्द इंदीवर यांचे, आणि रेकॉर्डिंग लंडनला २४ ट्रॅकच्या मशीनवर. सिनेमा जून १९८० मध्ये आला आणि पुढच्या वर्षी फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट गायिकेचं बक्षीस या शाळकरी मुलीला. इतक्या लहान वयात ते मिळालेली ती पहिलीच.

आता माझा मुद्दा. हे गाणं आज हेडफोन लावून ऐका. तो आवाज 'चांगला' नाहीये हो. म्हणजे आपण ज्याला चांगला म्हणतो तसा नाहीये. थोडा नाकातला, सपाट, मुरकी नाही, ओळ संपताना स्वर धरून ठेवायचं कौशल्य नाही, श्वास संपला की ओळ संपते. झीनत पडद्यावर लाल ड्रेसमध्ये जे काही करतेय त्याच्याशी त्या आवाजाचा काही संबंधच नाही, आवाजात लाडीकपणा शून्य आहे. त्या काळातली कुठलीही पार्श्वगायिका असती तर तिने ते गाणं 'मादक' केलं असतं, सुस्कारे टाकले असते. हिने काहीच केलं नाही, सरळ म्हणून टाकलं, आणि म्हणूनच ते चाळीस-पंचेचाळीस वर्षांत शिळं झालं नाही असं मला वाटतं. पंचविशीतल्या बाईला इतकं निर्विकार गाताच आलं नसतं.

आणि खरी उडी पुढची आहे. 'कुर्बानी'त ती झीनतचा आवाज होती. वर्षभरात, १९८१ ला 'डिस्को दिवाने' आला, सिनेमा नाही, हिरो नाही, हिरॉइन नाही, कव्हरवर तिचा चेहरा. हिंदीत सिनेमाशिवाय गाणी आधीही होती, गझला, भजनं, पण सोळा वर्षांची मुलगी स्वतःच्या नावावर नाचायची गाणी विकतेय हे आपल्याकडे आधी झालं नव्हतं. पार्श्वगायिका ते पॉपस्टार हा प्रवास तिने दोन रेकॉर्डमध्ये केला, तोही शाळा सांभाळून.

बोला आता.

---

बेसूर_बंड्या

जागा पकडून ठेवतोय. नाकातल्या आवाजाबद्दल वैयक्तिक बोलणं असल्यासारखं वाटलं.

---

तारसप्तक

लेख चांगला पण कौतुक जरा जास्तच झालंय. लहान वयात रेकॉर्डिंग केलं यात नवल काय? लताबाईंनी १९४२ साली 'किती हसाल'साठी गाणं म्हटलं तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या (ते गाणं सिनेमातून काढून टाकलं ही गोष्ट वेगळी). आशाबाईंचं पहिलं गाणं 'माझं बाळ' सिनेमातलं, १९४३, दत्ता डावजेकरांचं संगीत, वय जेमतेम दहा. आणि या मुली मास्टर दीनानाथांच्या घरात गाणं शिकून आलेल्या. तुमच्या नाझियाबाईंना गळा कुठे होता? जे काही आहे ते बिद्दूचं. त्याने दुसऱ्या कुणालाही माईकसमोर उभं केलं असतं तरी गाणं चाललंच असतं. यंत्राने केलेली गायिका आहे ती, स्पष्ट सांगायचं तर.

---

रिवाइंड

@तारसप्तक, तुलना आणलीत ते बरं केलंत, कारण माझा मुद्दा त्यातूनच जास्त स्पष्ट होतो. त्या काळच्या लहान मुलींना माईकसमोर उभं केलं की मोठ्या बाईसारखं गावं लागायचं. घरावर संकट, पैशाची गरज, लताबाईंचे वडील त्याच वर्षी गेलेले. तिथे 'वयाला शोभेल असं गा' म्हणणारं कुणी नव्हतं. नाझियाला ती सोय होती. खाऊनपिऊन सुखी घर, हौस म्हणून गाणं, उद्या नाही चाललं तर परत शाळेत. त्या निवांतपणाचा आवाज आहे तो. गळा कुणाचा मोठा हा वादच नाहीये, त्यात मी आधीच हरलोय.

'दुसऱ्या कुणालाही उभं केलं असतं' हे मात्र पटत नाही. बिद्दूने नंतर बऱ्याच जणींना उभं केलं, ते पुढे बोलू.

---

कॅसिओवाला

यंत्राचा विषय निघालाच आहे तर मी बोलतो, मी त्या काळात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो, गणपतीत आणि नवरात्रात आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची आणि ८० च्या गणपतीत प्रत्येक मंडळाला हे गाणं पाहिजेच होतं.

आणि ते आमच्याकडून होईना! चाल सोपी आहे, कॉर्ड सोप्या आहेत, बेसची ओळ तर पोरगंपण वाजवेल. पण गायिका गायला लागली की गाणं पातळ व्हायचं. आमच्या गायिकेचा गळा चांगला होता, लताबाई आशाबाई दोघींची गाणी व्यवस्थित म्हणायची, तरी पातळ. इको मशीन लावून बघितलं, तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. मग आमच्या अरेंजरने, जो फारसा बोलायचा नाही, रेकॉर्ड सुई उचलून उचलून तोच तुकडा कितीतरी वेळा ऐकला आणि म्हणाला, अरे ही दोन आहेत. एक मुलगी दोनदा गायलीये.

झालं. ग्रुपमध्ये दोन सख्ख्या बहिणी होत्या, थोरली गायची आणि धाकटी कोरसला असायची. दोघींना एकाच माईकवर उभं केलं, सांगितलं की एकसारखं गा, कुणी गळ्याची हरकत घ्यायची नाही, कुणी जागा घ्यायची नाही, नुसतं सरळ म्हणा. आणि आलं की हो गाणं! सेम टू सेम नाही, पण लोक ओळखायला लागले. थोरली फार चिडायची, म्हणायची मला गाऊच देत नाही तुम्ही या गाण्यात.

तर तारसप्तक म्हणतात ते यंत्राचं खरंय, पण उलट बाजूने बघा. तेच शब्द तेवढ्याच वजनाने दोनदा म्हणायचे, मध्ये केसाएवढा फरक पडला पाहिजे पण त्यापेक्षा जास्त नाही, हे सरळ गाणाऱ्यालाच जमतं. मुरक्या घेणाऱ्या गायिकेला जमणार नाही, कारण तिची मुरकी दुसऱ्या वेळी वेगळी पडते आणि मग सगळा चिखल होतो.

---

शब्दखुळी

@कॅसिओवाला काय भारी प्रतिसाद! असं काही वाचायला मिळालं की धागा सत्कारणी लागला असं वाटतं.

हे दोनदा गाणं म्हणजे डबल ट्रॅकिंग ना? बीटल्सवाले करायचे ते? की मशीनच करतं?

---

कॅसिओवाला

हो तेच. मूळ पद्धत म्हणजे खरंच दोनदा गायचं. बीटल्सच्या लोकांना ते दोनदा गायचा कंटाळा यायचा म्हणून अॅबी रोड स्टुडिओतल्या केन टाउनसेंड नावाच्या इंजिनियरने १९६६ मध्ये टेपची युक्ती काढली, एकाच आवाजाची कॉपी थोडी मागेपुढे सरकवून वाजवायची. त्यामुळे १९८० पर्यंत लंडनमध्ये हे काही नवीन राहिलं नव्हतं, डिस्कोवाले तर सर्रास वापरायचे.

नवीन होतं ते आपल्याकडे. मुंबईत तेव्हा ताडदेवच्या फिल्म सेंटरला किंवा मेहबूबला गाणं कसं व्हायचं, तर सत्तर-ऐंशी वादक एका हॉलमध्ये, गायक काचेच्या केबिनमध्ये, आणि सगळं एकदम. एका व्हायोलिनवाल्याने चूक केली की सगळे परत पहिल्यापासून. त्यात गायिकेला 'तू आता हेच परत म्हण, आपण वर चिकटवू' असं म्हणायला मोकळे ट्रॅक पाहिजेत ना? बिद्दूकडे २४ होते. ड्रम वेगळे, बेस वेगळा, तो 'प्यूंऽऽ प्यूंऽऽ' करत खाली घसरणारा इलेक्ट्रॉनिक ड्रम वेगळा (आमच्याकडे तो आवाज एक जण तोंडाने काढायचा, खोटं सांगत नाही, आणि टाळ्या त्यालाच पडायच्या). गायिका आली ती सगळ्यात शेवटी, तयार गाण्यावर, कानाला हेडफोन. नवख्या मुलीला हे किती सोपं पडलं असेल विचार करा. समोर ऐंशी वादक वाट बघतायत असं दडपणच नाही.

---

बेसूर_बंड्या

तोंडाने प्यूं प्यूं करणाऱ्या कलाकाराला माझा साष्टांग नमस्कार.

---

तारसप्तक

कॅसिओवाला यांचा मुद्दा मान्य. 'नाही गायचं' हे सुद्धा शिकावं लागतं, त्यांच्या ऑर्केस्ट्रातल्या थोरल्या बहिणीला जमलं नाही ते हिला आपसूक येत होतं, एवढं श्रेय द्यायला माझी हरकत नाही. गायिका म्हणणार नाही. आवाज म्हणेन.

---

रिवाइंड

आवाज चालेल! तेवढ्यावर तह करू.

---

नाना_फडतरे_जुने

धागाकर्ते आणि इतर उत्साही मंडळी, 'डिस्को दिवाने'बद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं की एकट्या मुंबईत पहिल्याच दिवशी एक लाख प्रती खपल्या. जरा व्यवहार बघा. रेकॉर्ड छापणार ग्रामोफोन कंपनी, तिचा मोठा कारखाना कलकत्त्याला दमदमला. तिथून एका शहरासाठी एक लाख तबकड्या आधीच छापून, रेल्वेने आणून, दुकानादुकानात पोचवून ठेवायच्या, त्याही एका नवख्या मुलीच्या ज्या रेकॉर्डवर सिनेमाचं नाव नाही? आणि एका दिवसात तेवढी गिऱ्हाइकं? मी दुकानदारी केलेली आहे. दुकानदारांनी नोंदवलेली मागणी आणि गिऱ्हाइकाने घरी नेलेला माल यात फरक असतो, जाहिरातवाले पहिला आकडा सांगतात.

गाजला हे शंभर टक्के खरं. आमच्या दुकानात ती कॅसेट संपली की लोक नाराज होऊन जायचे, दुसरं काही घ्या म्हटलं तर घ्यायचे नाहीत. पण आकडे जपून.

---

शब्दखुळी

नाना, तुमचं दुकान होतं?? मग वेगळा धागा काढा की!

आकडा काही का असेना, तो अल्बम भारताबाहेर चौदा देशांत चार्टवर गेला म्हणतात, ब्राझीलसारख्या ठिकाणीही वाजला. उर्दू-हिंदी शब्द ज्यांना कळत नाहीत अशा लोकांनी तो विकत घेतला. त्यात हात बिद्दूच्या नावाचा असणार, ते युरोपात ओळखीचं होतं.

मला मात्र त्या अल्बममधली संथ गाणी जास्त आवडतात. 'लेकिन मेरा दिल' ऐका कुणीतरी. शीर्षकगीत सगळ्यांना पाठ आहे पण हे गाणं ऐकताना लक्षात येतं की ही मुलगी उदास पण छान व्हायची. शाळकरी उदासी. मैत्रिणीने बोलणं टाकलं की होते तितपत, जीव जाण्याइतकी नाही. सिनेमातल्या विरहगीतांना तेवढ्यावर भागतच नाही, तिथे कुणीतरी मरावंच लागतं.

---

दूरदेशी

मी बरीच वर्षं आखातात नोकरी केली, ऑफिसात कराचीची चारपाच माणसं होती, माझ्याच वयाची. त्यांच्याकडून नाझियाची दुसरी बाजू कळली ती इथे लिहितो कारण आपण तिला 'कुर्बानीवाली' म्हणूनच बघतो.

आपल्याकडे ती आली तेव्हा तिकडे झिया-उल-हक यांची लष्करी राजवट होती, १९७७ पासून. टीव्हीवर बायकांनी डोक्यावर पदर, म्हणजे दुपट्टा घ्यायचाच असा हुकूम निघाला होता, मेहताब राशदी नावाच्या निवेदिकेने नाही घेत म्हणून सांगितलं आणि कार्यक्रम सोडला, ती गोष्ट तिकडे अजून सांगतात. अशा वातावरणात ही पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, स्वतःच्या भावाबरोबर, 'डिस्को' शब्द असलेलं गाणं म्हणतेय. माझा एक सहकारी म्हणायचा की आमच्याकडे सिनेमागृहं ओस पडलेली, क्लब बंद, तरुण पोरांना करायला काही नाही, आणि मग ही कॅसेट आली. घरात पडदे ओढून पोरंपोरी नाचायची. भाऊ-बहीण गातायत म्हणजे घरातलंच काहीतरी, त्यामुळे आयांनाही फार आक्षेप घेता यायचा नाही!

हा भाऊ-बहीण प्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो. एकटी मुलगी असती किंवा परका मुलगा बरोबर असता तर त्या काळात तिकडे काय झालं असतं सांगता येत नाही. झोहेब बाजूला उभा राहायचा त्यानेच अर्धं काम व्हायचं. (झोहेब वाईट गात नव्हता, पण धाग्यात त्याचा उल्लेख फक्त 'धाकटा भाऊ' असा आलाय म्हणून त्याची बाजू घेतोय.)

१९८४ चा 'यंग तरंग' आला तेव्हा त्यांनी लंडनमध्ये गाण्यांचे व्हिडिओ करून घेतले. पाकिस्तानात गाण्याचा व्हिडिओ हा प्रकारच नव्हता तोवर. 'आँखें मिलाने वाले' त्यातलंच. आणि बेनझीर आल्यावर टीव्ही जरा मोकळा झाला तेव्हा 'म्युझिक ८९' नावाचा कार्यक्रम झाला, शोएब मन्सूर त्याचे कर्तेधर्ते आणि सूत्रसंचालन हे दोघं भाऊबहीण. व्हायटल साइन्स वगैरे पोरांचे बँड त्यात होते. म्हणजे चोविसाव्या वर्षी ही बाई पुढच्या पिढीची ओळख करून देत होती. चोविसाव्या वर्षी आपण काय करत होतो ते आठवतंय का कुणाला?

---

बेसूर_बंड्या

सिनेमाच्या तिकिटाच्या रांगेत होतो.

---

करडा_कोल्हा

आपल्याकडे गायिकांचा दुष्काळ पडलाय का, की शेजाऱ्यांच्या मुलीवर एवढे लांब लांब निबंध?

---

रिवाइंड

@करडा_कोल्हा, संगीतकार बेंगळुरूचा, गीतकार इंदीवर आपले, सिनेमा आपला, बक्षीस आपलं, तबकडी दमदमची. वाटणी करायला बसलात तर तुमच्याच वाट्याला जास्त येईल. पुढे चला.

---

जुनी_कॅसेट

रिवाइंड यांनी वर म्हटलंय की बिद्दूने नंतर बऱ्याच जणींना उभं केलं, त्यावर थोडं.

नाझियाचं गाणं चाललं आणि मुंबईत सगळ्यांना डिस्को सुचला, तसा तो हवेत होताच. उषा उथुपचं 'हरी ओम हरी' त्याच वर्षीचं, 'कर्ज' त्याच वर्षीचा. मग १९८२ ला 'डिस्को डान्सर'. पण नीट बघा, या सगळ्यांनी तिचा ठेका उचलला, आवाज नाही उचलला. उषाताईंचा आवाज भरदार, मोठ्या बाईचा. शाळकरी आवाज कुणालाच परत सापडला नाही, शोधला पण नसावा.

दुसरं एक नातं गमतीचं आहे. 'निकाह' (१९८२) मधली सलमा आगा. ती पण मूळची कराचीची, वाढलेली लंडनला, ती पण नाकात गाणारी, आणि फिल्मफेअर तिलाही मिळालं. म्हणजे दोन-तीन वर्षांत दोनदा हे बक्षीस लंडनहून आलेल्या, न शिकलेल्या, नाकातल्या आवाजांना गेलं. लोकांना तेव्हा नेहमीच्या गोड आवाजाचा कंटाळा आला होता की काय देव जाणे. आणि आता कडी म्हणजे २०२२ मध्ये 'अॅन अॅक्शन हीरो'साठी 'आप जैसा कोई' परत केलं ते गायलंय जहरा खानने, म्हणजे याच सलमा आगाच्या मुलीने! रीमेक मला आवडला नाही पण या योगायोगासाठी एकदा ऐकला.

बिद्दूचं पुढचं म्हणाल तर 'स्टार' (१९८२), कुमार गौरवचा, सिनेमा सपशेल पडला पण त्यातलं नाझियाचंच 'बूम बूम' घराघरात वाजलं. मग नव्वदच्या दशकात श्वेता शेट्टीचं 'जॉनी जोकर' आणि १९९५ ला अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया'. ही दोन गाणी जबरदस्तच आहेत, पण गाणाऱ्या तयारीच्या आहेत, त्यांना माहितीये आपण कुठे सेक्सी वाटतोय ते. नाझियाला ते माहीत नव्हतं किंवा तिला त्याची पर्वा नव्हती.

'मेड इन इंडिया' आधी नाझियाला देऊ केलं होतं आणि तिने पाकिस्तानातल्या लोकांना वाईट वाटेल म्हणून नाही म्हटलं, असं सांगितलं जातं. शब्द बघता नाही म्हणणारच की हो!

---

शब्दखुळी

मला नेहमी प्रश्न पडतो की ती थांबली का. १९८७ ला 'हॉटलाइन', मग एकदम १९९२ ला 'कॅमेरा कॅमेरा' आणि संपलं. सत्तावीस वर्षांची होती फक्त! त्याच सुमाराला इकडे केबल टीव्ही आला, दोनचार वर्षांत गाण्यांची चॅनेल आली, इंडीपॉपला सोन्याचे दिवस आले. म्हणजे जिने दुकान उघडलं तिने गिऱ्हाइकांची गर्दी व्हायच्या आधीच शटर ओढलं.

---

दूरदेशी

थांबली असं नाही, तिला दुसरं काही करायचं होतं. लंडनच्या रिचमंड कॉलेजात शिकली, मग कायद्याची पदवी घेतली, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत काम केलं. 'कॅमेरा कॅमेरा' सुद्धा अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेला जोडून काढला होता. गाणं ही तिची नोकरी कधी नव्हतीच.

नंतरचं आजारपण सगळ्यांना माहीत आहे, फुप्फुसाचा कर्करोग, १३ ऑगस्ट २००० ला लंडनमध्ये गेली, पस्तीस वर्षांची. लग्न, भांडणं, कोर्टकचेऱ्या यावर भरपूर लिहिलेलं आहे, कृपा करून ते इथे नको.

---

रिवाइंड

ते नकोच, धन्यवाद.

'नोकरी कधी नव्हतीच' हे मात्र मला धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतंय. आपल्याकडे लहान वयात नाव झालेल्या मुलांचं काय होतं बघा. रिअॅलिटी शोमध्ये बारा-तेरा वर्षांचं पोर येतं, परीक्षक रडतात, आईवडील नोकरी सोडून मुंबईला येतात आणि मग आवाज फुटतो आणि वर्षभरात कुणी ओळखत नाही. त्या पोराला मागे जायला जागाच ठेवलेली नसते. नाझियाच्या घरच्यांनी शाळा सोडू दिली नाही, एवढं साधं कारण आहे. एक अल्बम झाला की परत अभ्यास, दोनतीन वर्षांनी दुसरा. १९८१ ते १९९२ मध्ये मोजून पाच अल्बम ('बूम बूम' धरून). आजच्या हिशोबाने हा वेग म्हणजे आत्महत्याच.

हां, पण पैसे असलेल्या घरालाच हे परवडतं हेही खरंय. वर मी लताबाईंबद्दल जे लिहिलं तेच.

---

तारसप्तक

परवडण्याचा मुद्दा तुम्ही स्वतःच काढलात म्हणून बरं, नाहीतर मी काढणार होतो.

काल हट्टाने 'लेकिन मेरा दिल' ऐकलं. शब्दखुळी यांचं 'शाळकरी उदासी' बरोबर आहे. स्वर एक-दोन ठिकाणी खाली आहे. तरीही परत ऐकलं. आता विचारू नका का.

---

बेसूर_बंड्या

नोंद घ्यावी : तारसप्तक यांनी बेसूर गाणं दोनदा ऐकलं. माझ्यासाठी आशेचा किरण.

---

पावसाळी_ढग

माझं वय विशीच्या आत आहे, मला नाझिया माहीत आहे ती 'स्टुडंट ऑफ द इयर'च्या गाण्यामुळे (त्यात मधूनच तिचा जुना आवाज येतो तो भाग फक्त छान आहे). कुणीतरी क्रम सांगा ना, कुठून सुरुवात करू? सगळं एकदम ऐकायला बसले तर ढिंच्याक ढिंच्याक ऐकून डोकं उठेल अशी भीती वाटतेय.

---

रिवाइंड

@पावसाळी_ढग, आधी 'आप जैसा कोई', सिनेमातलं, रीमेक नाही. झीनतकडे बघू नकोस, स्क्रीन उलटी ठेव. मग लगेच 'लेकिन मेरा दिल'. मग 'आओ ना'. तिथे थांब, दुसऱ्या दिवशी 'बूम बूम' आणि 'आँखें मिलाने वाले'. तोपर्यंत आवाज मोठा झालेला आहे, अठरा-एकोणिसाव्या वर्षाचा, थोडं सफाईदार झालंय सगळं आणि मला वैयक्तिक ते थोडं कमी आवडतं, पण तुझं मत वेगळं असू शकेल. 'डिस्को दिवाने' शीर्षकगीत सगळ्यात शेवटी ऐक, कारण ते तुला आधीच माहितीये.

---

कॅसिओवाला

आणि हेडफोन लावूनच. मोबाइलच्या स्पीकरवर तो दुहेरी आवाज कळत नाही, एकच वाटतो. पहिल्या कडव्यात ओळीच्या शेवटी लक्ष दे, 'स' आणि 'त'सारखी अक्षरं येतात तिथे. दोन वेळा म्हटलेलं असलं की ती कधीच अगदी एकत्र पडत नाहीत, किंचित फाटतात. एकदा ऐकू आलं की मग दर वेळी ऐकू येतं.

---

पावसाळी_ढग

आलं ऐकू!! म्हणजे बहुतेक आलं. माझ्या हेडफोनचा डावा कान बंद आहे, चालेल ना?

---

कॅसिओवाला

चालेल. आमच्या ऑर्केस्ट्राचे तर दोन्ही स्पीकर धड नसायचे.